नववी अट

माझा भाऊ होसिया तीस वर्षांत एकदाही मागच्या बोळानं घरी आला नाही. पाऊस असो, हातात किराण्याच्या चार पिशव्या असोत, बस बोळाच्या तोंडाशी थांबत असो, हा गडी अख्ख्या चौकाला वळसा घालून पुढच्या रस्त्यानं येणार, माझ्या खिडकीवर टकटक करणार आणि मग बाजूच्या वाटेनं मागं आपल्या खोलीकडं जाणार. मी म्हणायची, "अरे दादा, बोळातून चाळीस पावलं आहेत. उगीच कशाला तंगड्या तोडतोस?" तो म्हणायचा, "बोळ कचऱ्याच्या गाडीसाठी आहे." मला तो हट्टीपणा वाटायचा. आमच्या घराण्यात हट्ट भरपूर आहे. माझ्या वाट्याला जरा जास्तच आलाय, आणि त्याचीच ही गोष्ट.

मी व्हर्लीन टॉलिव्हर. एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत होते. माझ्या हातून चुकीचा कागद कधी पुढं गेला नाही, हे मी छाती पुढं काढून सांगत असे. आता नाही सांगत.

होसिया माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो त्याच मागच्या खोलीत जन्मला. तेव्हा कॉर्डेलिया स्ट्रीट सगळी गोऱ्यांची होती, पुढचं घर एका दंतवैद्याचं होतं आणि आमची आई त्यांच्याकडं स्वयंपाकाला होती. मागच्या खोलीला एकच दार, तेही बोळात उघडणारं. पुढच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. बोळातून अंगणात शिरताना फाटकाशी टोपी काढून हातात घ्यायची, कारण मालकीणबाई खिडकीतून बघत असायच्या. आईनं हे त्याला चालायला शिकवतानाच शिकवलं. मग तो दहा वर्षांचा असताना गल्लीच्या टोकाला आमच्यातलं, काळ्या लोकांचं एक कुटुंब राहायला आलं, आणि सहा महिन्यांत गोऱ्यांनी पटापटा घरं विकायला काढली. दंतवैद्यही गेला. बाबा रेल्वेत होते, त्यांनी दुप्पट किंमत मोजून तेच घर घेतलं. आई त्या घरात पहिल्यांदा पुढच्या दारानं शिरली तेव्हा मी तिच्या पोटात होते. त्यामुळं मला मागची खोली म्हणजे जुनी सायकल आणि रंगाचे डबे, एवढीच माहीत.

होसिया मोठा झाल्यावर गॅल्व्हस्टन बंदराच्या गोदीत कामाला गेला आणि बेचाळिसाव्या वर्षी, बायको वारल्यावर, परत आला. माझा नवरा तेव्हा होता. आम्ही दोघांनी म्हटलं, पुढं तीन खोल्या आहेत, ये. तो म्हणाला, "तुमचं घर तुमचं. मला ती मागची खोली दे." म्हटलं, त्या खुराड्यात काय ठेवलंय? पण त्यानं सुट्टीच्या दिवशी एकेक करत फरशी घातली, न्हाणीघर केलं, गॅसची शेगडी बसवली. बोळाकडचं दार विटांनी बुजवून टाकलं. पुढच्या बाजूला नवं दार काढलं आणि ते निळं रंगवलं. पहिल्या दिवशी ते दार त्यानं वीस वेळा तरी उघडलं आणि लावलं असेल. मी म्हटलं, "बिजागऱ्या झिजतील." तर म्हणाला, "झिजू देत. माझ्या आहेत."

आता बांधकामवाल्याचं सांगते. पलीकडचे म्हातारे मिस्टर बास्कम गेले, मुलांनी घर विकलं, आणि दोन महिन्यांत तिथं चार तिमजली खोकी उभी राहिली. एका घराच्या जागेत चार! वरच्या गच्चीतून लोक माझ्या न्हाणीघरात बघणार. मग आणखी एक घर गेलं. रोज माझ्या दारात चिठ्ठी, 'तुमचं घर रोखीनं घेऊ.' त्यांचा माणूस एकदा खुद्द आला, करड्या कोटातला, दात सगळे एकसारखे.

माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात घराचं मूळ खरेदीखत होतं. त्यात चौदा अटी होत्या, गल्ली वसवताना घातलेल्या. एका जागेवर एकच राहतं घर. दोन मजल्यांहून उंच नाही. रस्त्यापासून पंचवीस फूट सोडायचे. डुकरं पाळायची नाहीत. मी तो कागद त्या माणसाच्या नाकापुढं धरला.

तो गोड हसला. "आजी, या अटींची मुदत चाळीस वर्षांपूर्वी संपली. आणि संपली नसती तरी त्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या. नगरपालिका त्यासाठी बोटही हलवत नाही. तुम्हाला माझ्यावर खटला भरावा लागेल. फ्रेम करून लावा, छान दिसेल."

"आजी असेल तुझ्या घरी," मी म्हटलं आणि दार आपटलं. पण मुद्दा डोक्यात बसला. अटी आमच्या, पण पाळायला लावणारं कोणी नाही. मग त्याच अटी नगरपालिकेच्या नियमात घातल्या तर? मग मोडणाऱ्याला नोटीस तेच देतील, बांधकाम तेच थांबवतील, आम्हाला कोर्टाची पायरी चढायला नको. चौकशी केली तर तसा मार्ग होता. गल्लीतल्या निम्म्याहून जास्त मालकांच्या सह्या हव्यात.

ते चार महिने मी आणि होसियानं गल्ली पिंजून काढली. म्हणजे बोलायचं मी, आणि घडीचं टेबल उचलायचं त्यानं. शनिवारी तो कढई घेऊन बसायचा आणि मासे तळायचा. वासानं माणसं यायची, आणि तोंडात घास असला की माणूस नाही म्हणत नाही. समोरची अर्नेस्टीन, माझी साठ वर्षांपासूनची मैत्रीण, ती तर म्हणायची, "व्हर्लीन, सह्या तुझ्या बोलण्यानं मिळत नाहीयेत हं. तुझ्या बोलण्यानं लोक पळतात. होसियाच्या कढईनं मिळतायत."

होसियानंही मोठ्या ऐटीत सही केली. मी कागद तपासताना ती बाजूला काढली. "दादा, ही चालत नाही. फक्त मालकांच्या सह्या मोजतात."

"आणि मी कोण?"

"तू मागच्या खोलीतला."

मी गमतीनं म्हटलं. तोही हसला, माशावर लिंबू पिळला आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मग चर्चच्या सभागृहात बैठक झाली. नगरपालिकेचा माणूस आला होता, मऊ बोलणारा, मिस्टर हॅस्केल. तो म्हणाला, जुन्या अटींतल्या ज्या हव्यात त्या ठेवा, नको त्या खोडा, मी तशाच नियमात उतरवतो. मोठ्या कागदावर चौदाही अटी लिहून भिंतीला लावल्या होत्या. लाल खडू माझ्या हातात. डुकरांची अट आली तेव्हा हशा पिकला. अर्नेस्टीन म्हणाली, "राहू दे, माझा जावई येतो कधी कधी."

मग नववी अट आली. ती मी मोठ्यानं वाचली. "या जागेवर काळ्या वंशाच्या कोणाही माणसानं राहू नये."

 तिथं बसलेली साठ-सत्तर माणसं, सगळी काळी, सगळी त्या जागेवर राहणारी. वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढं होतं, 'मात्र मालकाच्या घरचे नोकर मागच्या खोलीत राहू शकतील.' पण मी पुढचं वाचलंच नाही. माझं डोकं तडकलं होतं. मी खडू उचलला.

शेवटच्या रांगेतून होसियाचा आवाज आला. "पोरी, थांब. शेवटचा अर्धा राहू दे."

"काय?"

"पुढचा अर्धा. तो खोडू नकोस."

सगळ्यांनी वळून बघितलं. मला लाज वाटली त्याची. खरं सांगते, माझ्या सख्ख्या भावाची लाज वाटली. मी म्हटलं, "दादा, ह्यातलं एक अक्षरही ठेवायच्या लायकीचं नाही." आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ ओढली, एकदा नाही, तीनदा. लोक उठून उभे राहिले. टाळ्या, आमेन, रडारड. अर्नेस्टीननं मला मिठी मारली. मिस्टर हॅस्केलनंही टाळ्या वाजवल्या. होसिया तेवढा बसून होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

घरी चालत येताना मी फणकारले, "काय रे, सगळ्यांसमोर? तुला त्या घाणीचं काय एवढं प्रेम?"

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "प्रेम नाही गं. पण त्या अर्ध्या वाक्यात आई आणि मी राहायचो. आम्ही इथं होतो असं लिहिलेला तेवढाच एक कागद आहे."

मी म्हटलं, "पुरे झालं." त्याला एवढंच बोलले मी.

मग नगरसभेत सुनावणी झाली. बांधकामवाल्याचे तीन वकील, आणि माझ्याकडं तीन मिनिटं. मी म्हटलं, "आम्हाला एकही सूट नको. एकाला सूट दिली की गल्ली गेली. उद्या मी स्वतः तुमच्या दारात रडत आले तरी मला देऊ नका." टाळ्या पडल्या. नियम मंजूर झाला. करड्या कोटाच्या माणसानं जाताना माझ्याकडं बघून मान लववली. आम्ही गल्लीत टेबलं मांडून जेवलो, आणि मी अशी मिरवले की विचारू नका.

पुढच्या जानेवारीत होसिया न्हाणीघरात पडला. डावा हात, डावा पाय आणि निम्मं तोंड गेलं. तीन आठवडे रुग्णालय आणि मग शुश्रूषागृह, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. एका खोलीत तीन खाटा. दाराला कडीच नाही, कोणीही कधीही आत येणार. मी रोज जायची. बोलणं हळूहळू परत आलं, आणि परत आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "दार लावलंयस ना माझं?"

म्हटलं, "लावलंय."

"किल्ली?"

"माझ्या पर्समध्ये आहे."

"मग ठीक."

ऑगस्टात डॉक्टर म्हणाले, चाकाच्या खुर्चीत बसवून घरी न्यायला हरकत नाही. मी म्हटलं, दादा, पुढच्या घरात ये, माझी खोली घे, दाराला खुर्ची चढवायला रॅम्प घालू. तो मान हलवत राहिला. "पाहुणा म्हणून नको. इथं पाहुणाच आहे मी. मला माझ्या दारानं आत जायचंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पडल्यापासून त्याला ते आवरायचं नाही. मी म्हटलं, बरं बाबा, तुझ्या दारानं.

निळ्या दाराशी रॅम्प हवा, न्हाणीघर रुंद करायला हवं, त्यासाठी परवानगी हवी. मी अर्ज भरला. नेहमीसारखा, एकही रकाना रिकामा न सोडता, सगळं खरं खरं. 'खोलीत राहणारा माझा भाऊ जानेवारीपासून बाहेर आहे, त्याला घरी आणायचं आहे.'

खिडकीमागच्या पोरीनं अर्ज वाचला, संगणकात काही बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "मॅडम, ही खोली राहायची म्हणून नाही चालणार."

"तीस वर्षं राहतोय तो तिथं!"

"नियमाच्या आधीपासून कोणी राहत असेल तर राहू देतो आम्ही. पण सलग सहा महिने खोली रिकामी राहिली की तो हक्क जातो. तुम्हीच लिहिलंय, जानेवारीपासून. आता नवा नियम लागू. एका जागेवर एकच राहतं घर. शेगडीही काढावी लागेल."

"मागच्या खोलीला परवानगी होतीच की! जुन्या कागदात होती."

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. सभागृहातल्या त्या मोठ्या कागदाचा फोटो होता. तिनं बोट ठेवलं. "मागच्या खोलीत कोणी राहू शकेल, असं फक्त या एकाच अटीत लिहिलं होतं. ती खोडलेली आहे."

तीन लाल रेघा. माझ्याच हाताच्या. मी खिडकीची कड धरून उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "मावशी, झालं का?" मी बाजूला झाले. बाहेर बाकावर किती वेळ बसले, मला आठवत नाही.

आता एकच वाट राहिली, सूट मागायची. मी, व्हर्लीन टॉलिव्हर, सूट मागायला गेले. सूट देणाऱ्या मंडळापुढं अर्नेस्टीन आली, निम्मी गल्ली आली. सगळे म्हणाले, होसियाला येऊ द्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाचा विरोध? आणि मागून करडा कोट उठला.

"विरोध नाही," तो म्हणाला. "उलट आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मिस टॉलिव्हर यांना जरूर सूट द्यावी. याच गल्लीत आमचेही सहा अर्ज तयार आहेत. एका जागेवर दुसरं राहतं घर, अगदी असेच. यांना मिळाली की आम्हालाही मिळेल, एवढंच आमचं म्हणणं."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी गल्लीकडं बघितलं. अर्नेस्टीन तिच्या रविवारच्या टोपीत बसली होती. तिच्या घराला लागूनच या लोकांनी दोन घरं घेऊन ठेवली होती. ती उठून म्हणाली, "व्हर्लीन, तू घे सूट. आमचं आम्ही बघू."  त्या बाईचं त्या घराशिवाय जगात काही नाही.

मी अर्ज परत घेतला. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मी माझ्या भावाला त्या तीन खाटांच्या खोलीत ठेवलं आणि गल्ली वाचवली.

त्याला मी सांगितलं नाही. रोज म्हणायची, पुढच्या आठवड्यात, दादा. रॅम्पचं लाकूड यायचंय. सुतार आजारी आहे. तो ऐकून घ्यायचा. मग त्यानं विचारणं सोडलं, आणि जेवणही. चमचा तोंडापाशी नेला की भिंतीकडं तोंड करायचा.

नोव्हेंबरात किओनाचा फोन आला. किओना म्हणजे फुकट सल्ला देणारी वकील, आमच्याच चर्चमधली, पोरगी हुशार. "मिस व्हर्लीन, एक वाट सापडलीय. पण तुम्ही चिडाल."

"माझं चिडून झालंय. बोल."

"आपल्या नियमात नाही, पण अख्ख्या शहराच्या जुन्या नियमात एक कलम आहे. नव्वद वर्षांपूर्वीचं, कोणी काढायला विसरलं. घराच्या मागच्या खोलीत त्या घरचा नोकर राहू शकतो. त्याला सहा महिन्यांची अट नाही, शेगडी चालते, सगळं चालतं. आणि बांधकामवाल्याला त्याचा उपयोग नाही, त्याला घरं विकायची आहेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नातेवाईक नोकर नसावा असं कुठं लिहिलेलं नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "फक्त प्रतिज्ञापत्र लागतं. मालकाची सही आणि नोकराची सही. पगार खरा द्यायचा. काम फोन उचलायचं असलं तरी पुरे. दर वर्षी पुन्हा सही करायची."

मी तिला जे बोलले ते चर्चमध्ये चालणार नाही. फोन आपटला. पण दुसऱ्या दिवशी जाऊन कागद घेऊन आले. अकरा दिवस तो पर्समध्ये होता, त्याच्या किल्लीशेजारी. बाराव्या दिवशी नर्स म्हणाली, यानं तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

मी पडदा ओढला, खाटेच्या काठावर बसले आणि सगळं सांगितलं. खिडकीवरची पोरगी, लाल रेघा, करडा कोट, परत घेतलेला अर्ज. "मी केलं हे, दादा. तू नको म्हणत होतास आणि मी तीनदा रेघ ओढली." मी ओक्साबोक्शी रडले. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

होसियानं उजवा हात पुढं केला. "कागद दे."

भिंग लावून त्यानं सगळा वाचला, ओळ न् ओळ. वाचताना त्याच्या तोंडाचा चांगला अर्धा भागही हलत नव्हता. मग म्हणाला, "वर मालकाचं नाव?"

"माझं."

"आणि इथं, नोकराचं नाव."

"दादा, नको. फाडून टाकते. नुसता कागद आहे, पण नको."

"पेन दे." मग डोळा बारीक करून, पूर्वी मासे तळताना करायचा तसा, "पगार वेळेवर देणार ना, मालकीणबाई?"

मी हसले. तोही हसला, लाळ गळली, मी पुसली. 'कामाचं स्वरूप' असा रकाना होता. विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "स्वयंपाक. आईचं तेच होतं." मग त्यानं सही केली, उजव्या हातानं, सावकाश, पूर्ण नाव. त्या संध्याकाळी तो निम्मी वाटी सूप प्यायला. मला वाटलं, जिंकलो. एका कागदानं घालवलं ते दुसऱ्या कागदानं परत आणलं.

सुतारानं आठ दिवसांत रॅम्प घातला. मी निळं दार पुसून काढलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. शनिवारी सकाळी त्याला आणायला गेले. नर्सनं त्याची दाढी केली होती, टोपी घातली होती. अर्नेस्टीनचा भाचा गाडी देतो म्हणाला होता, रॅम्प असलेली मोठी गाडी. चालवत मीच होते.

गल्लीत सगळे जमले होते, हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. अर्नेस्टीननं रताळ्याच्या सहा गोड पाई भाजल्या होत्या. माझ्या पुढच्या फाटकाला फुगे होते आणि लांबलचक फलक, 'होसिया, घरी स्वागत.' कोणीतरी त्याचीच कढई बाहेर काढली होती. मी मनात हजारदा बघून ठेवलं होतं, त्याची खुर्ची पुढच्या फाटकातून कशी आत जाईल, बाजूच्या वाटेनं निळ्या दाराकडं कशी जाईल.

कोपऱ्यावर आलो. इथून पुढच्या रस्त्याला वळायचं. लांबून फुगे दिसत होते.

"मागून घे," होसिया म्हणाला.

"काय?"

"बोळातून घे."

"दादा, सगळे पुढं उभे आहेत रे. तुझ्यासाठी. अर्नेस्टीननं पाई केल्यात."

"माहितेय. फुगे दिसतायत." तो शांत होता. रागात असता तर बरं झालं असतं. "मी सही केलीय, व्हर्लीन. दर वर्षी करणार आहे. तू गल्लीसाठी तुझ्या शब्दाला जागलीस, मग मी माझ्या सहीला नको जागू? नोकर मागच्या बोळानं येतात."

"नुसता कागद आहे तो! मी म्हणाले नव्हते का, नुसता कागद!"

"आईच्या वेळचा तोही नुसता कागदच होता," तो म्हणाला.

मागून कोणीतरी भोंगा वाजवला. मी वळण घेतलं. पुढच्या रस्त्याकडं नाही, बोळाकडं. कचऱ्याचे डबे, वाकलेले खांब, चिखल. आमच्या भिंतीपाशी गाडी थांबवली. त्यानं तीस वर्षांपूर्वी बुजवलेलं दार समोर होतं, विटांचा रंग अजून वेगळा दिसत होता. पुढच्या बाजूला लोकांनी गाणं सुरू केलं होतं, बहुधा दुसरीच कुठली गाडी बघून. अर्नेस्टीनचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मी खुर्ची खाली उतरवली आणि ढकलत बोळातल्या फाटकापाशी आणली. मी वाकून कडी काढत होते, म्हणून मला आधी दिसलं नाही. वर बघितलं तर होसियानं चालत्या हातानं टोपी काढली होती आणि ती छातीशी धरून माझ्या खिडकीकडं बघत होता.

"ठेव ती डोक्यावर," मी म्हटलं. "दादा, पाया पडते, ठेव."

त्यानं ठेवली नाही. मी फाटक उघडलं आणि त्याला आत नेलं.